चौथ्या ठोक्याआधीचा थांबा

५ मे, रविवार
माझी शैली ठरली. चौथ्या ठोक्याआधी चाळीस मिलिसेकंद थांबायचं. आकडा कॉम्प्युटरवर काढला. हातात बसला आहेच, मोजून पाहायची गरज नाही. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांची यंत्रं तपासते, घरी येऊन स्वतःला तपासत बसणार नाही.

लग्नात वाजवणाऱ्या आमच्या बायकांच्या ताफ्याची प्रमुख उस्ता सनिय्या. गुरुवारी सोळा तारखेला तिच्या मुलीचं लग्न. नवरी जिना उतरताना पुढे दरबुका, म्हणजे मुख्य ढोल, कोण वाजवणार? मी किंवा नजवान. नजवान चार महिने माझ्यामागे डफ वाजवते. सरळ वाजवते बिचारी. शैली नाही. पण मैत्रीण भरवशाची.

७ मे, मंगळवार
तालीम. उस्ता म्हणाली, "पोरी, नवरीला खाली पोचायचंय. तू वाटेत कुठे उतरतेस?"
म्हणजे थांबा तिच्या कानावर आला. चांगली खूण.

११ मे, शनिवार
शुब्रा मोहल्ल्यातलं लग्न. तिसऱ्या पायरीवर नजवानचा डफ अचानक बंद. नवरीचा पाय हवेत राहिला. बापाने तिचा झगा तुडवला. नवरीच्या आत्याबाई आनंदाची ललकारी अर्धी सोडून म्हणाल्या, "अगं, वीज गेली का?"
कारणं: जिना उभा. नवरीची टाच उंच.

संध्याकाळी ५.४०
नजवानला विचारलं, डफ का थांबवलास. म्हणाली, "उस्तानेच सांगितलं, एकदा हात काढून बघ. चार महिने तुझ्याखाली ठेका धरून बसलेय, बाई. नवरी माझ्यावर चालते. तुझा थांबा आला की सगळ्या म्हणतात, खड्डा आला, सांभाळा."
सगळ्या. म्हणजे झांजवाली शादियासुद्धा. ती तर मला वाहवा म्हणायची.
तर चार महिने मला फसवलं. तेही तालात.

१२ मे, रविवार
कालचं रेकॉर्डिंग मोजलं. डफ नसल्यामुळे माझे ठोके पहिल्यांदाच स्वच्छ मिळाले. थांबे: पंधरा, एकशे दहा, दोनशे साठ. चाळीस एकदाही नाही.
माइक सदोष असावा.
माइक तपासला. सदोष नाही.
नजवानला चार ओळी लिहिल्या. तीन खोडल्या. "ठीक" एवढंच पाठवलं.

१४ मे, मंगळवार
पुढे नजवान. मागे डफ मी. उस्ता म्हणाली, "रागावू नकोस गं, मुलगी एकच आहे मला."
रागावले नाही. फक्त ठरवलं आहे. गुरुवारी तिसऱ्या पायरीवर मीही हात काढणार. मग कळेल, कोण कोणावर चालतं.

१६ मे, गुरुवार
तिसरी पायरी. हात काढला.
नवरी चौथी उतरली. पाचवी. सगळा जिना उतरली, हसत. खाली बायकांनी ललकारी दिली, पूर्ण.
नजवानने मागे वळूनही पाहिलं नाही. शेजारी शादिया होती. तिलासुद्धा कळलं नाही की मी वाजवत नाहीये.