पन्नास, नव्वद आणि शे

तीर्थरूप रुपचंदमामांना रावेरहून हेमराजचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल आणि मामींची साखरही ताब्यात असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे मी आणि बाबा. आई तुमच्यावर रागावलेली आहे, पण तब्येत उत्तम. हे सगळं मोबाईलवर लिहिलं असतं, पण तुमचा फोन मामींच्या हातात असतो आणि मामी वाचतील ते घरच्या ग्रुपवर टाकतात (प्रेमानंच टाकतात, तक्रार नाही). म्हणून पत्र, आणि तेही दुकानाच्या पत्त्यावर.

रविवारी धुळ्याला मुलगी, म्हणजे ऋतिका, बघायला गेलो, तिथं काय झालं ते आईनं तुम्हाला तिच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. तुम्हीच सुचवलेलं स्थळ, आणि गुडघ्यामुळे तुम्हीच नव्हतात, म्हणून माझी बाजूही ऐका. पहिला घोटाळा तुमचा आहे, मामा. मुलाला बँडचा फार नाद आहे, असं तुम्ही मुलीच्या वडिलांना, जीवरामनानांना, फोनवर सांगितलंत. त्यामुळे चहा यायच्या आधीच नानांनी मला विचारलं की मी क्लॅरिनेट वाजवतो की ढोल, आणि लग्नसराईत सुटी कशी मिळते. मी केळीच्या पॅकहाऊसमध्ये गाड्या रवाना करतो आणि बँड नुसता ऐकतो, हे पटवण्यात पोहे गार झाले.

आता हा बँड म्हणजे धुळ्याचाच 'भारनियमन'. चार जण, दोन गिटार, एक ड्रम आणि सर्दी झाल्यासारखा गळा. याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. (बाबा म्हणतात, याला दुसरा काही पर्याय नव्हता का? नावातच पर्याय आहे, हे त्यांना कसं सांगू!) त्यांचा पहिला अल्बम 'पन्नास' मी बारावीला जळगावच्या होस्टेलवर ऐकला. त्यातले ड्रम ट्रकमधून क्रेट फेकल्यासारखे वाजतात, पण मला तेव्हा घरची इतकी आठवण यायची की तेच ऐकून झोप लागायची. दुसरा 'नव्वद'. जरा कमी जमलाय, हे मी मान्य करतो, पण चौथ्या गाण्यात गिटारवाला चुकून आधीच सुरू होतो आणि त्यांनी ती चूक तशीच ठेवली आहे. मला तो माणूस त्यासाठी फार आवडतो. आणि तिसरा 'शे'. एक्केचाळीस मिनिटं नुसतं वाजवणं, एकही शब्द नाही. अगदी शेवटी दारावर थाप पडते आणि आतून एक बाई हळूच म्हणते, शे. संपलं.

आता पन्नास, नव्वद, मग शे, म्हणजे शंभरच की नाही? सहा वर्षं मी हेच सांगत आलोय. अर्धशतक, मग नव्वदीतली धाकधूक (म्हणून तो अल्बम कमी जमलाय), मग शतक आणि शतकानंतरची शांतता. पॅकहाऊसमध्ये हे सगळ्यांना पटलेलं आहे, कारण ऐकलेलं कुणीच नाही.

तर आम्हाला दहा मिनिटं बोलायला गॅलरीत पाठवलं आणि ऋतिकानं पहिलंच सांगितलं की तिलाही 'भारनियमन' आवडतो. मामा, खरं सांगतो, मला तिथंच ती आवडली. पण आवडली म्हणून गप्प बसावं, तर मी माझं शतक सुरू केलं. ती शांतपणे म्हणाली, अहो, अहिराणीत शे म्हणजे 'आहे'. दार वाजवणारा विचारतोय, घरमा शे का कोनी? आणि बाई आतून सांगतेय की शे. आता आपण पडलो रावेरकडचे 'हाये'वाले, पण धुळ्याच्या मुलीला अहिराणी शिकवायला निघालेला आपल्या घराण्यात मी पहिलाच. एकशे, दोनशे म्हणतात ते काय मग, असं मी आवाज चढवून विचारलं, आणि मुद्दा ठसावा म्हणून रेलिंगवर हात आपटत तीनदा म्हणालो, पन्नास, नव्वद, शे!

आत बैठकीत नेमकी साखरपुड्याला दोन्हीकडची किती माणसं, ही बोलणी चालली होती. बाबांनी नुकतेच पन्नास सांगितले होते. नाना तडक बाहेर आले. पन्नासना शंभर कसा व्हयनात हो, पोरगी आजून हा बी नही म्हननी! मी म्हणालो, नाना, मी शेवर ठाम आहे. (मी अल्बमबद्दल बोलत होतो.) आईनं पर्स उचलली. आमची मानसं जड झाली आसतीन त ऱ्हाऊ द्या, असं म्हणून ती जी गाडीत जाऊन बसली, ती लताबाई, म्हणजे ऋतिकाची आई, ओटीचं सामान घेऊन मागे धावल्या तरी उतरली नाही.

परतताना गाडी पारोळ्याला आली. मी कानात 'शे' लावला. या वेळी ती थाप ऐकली आणि तो आवाज ऐकला, आणि तेवढंच मागे घेऊन पुन्हा ऐकलं हो मामा. इतकी वर्षं एक बाई आतून ओ देत होती आणि मी धावा मोजत होतो. ऋतिकाचं बरोबर होतं. जिच्याकडून ऐकल्यावर आपलं चुकलं हेही इतकं बरं वाटतं, तिच्याशीच लग्न करावं असं मला वाटतं. बाकी निर्णय तुम्हा मोठ्यांचा. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही, हे तुम्ही जाणताच.

आपला आज्ञाधारक भाचा,
हेमराज

ता. क. नानांना एक फोन करा. आकडे मी माणसांचे सांगत नव्हतो, एवढंच सांगा. अल्टरनेटिव्ह रॉक समजावू नका.

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं. नानांना फोन करू नका. त्यांना मी सोमवारीच, पॅकहाऊसमधून अर्धी रजा टाकून, धुळ्याला जाऊन भेटलो. ते खूप हसले, ऋतिका त्याहून जास्त हसली, आणि मी हो सांगून नारळही घेऊन आलो. साखरपुडा वीस तारखेला आहे. आईला तेवढं तुम्ही सांगा.