एका गाठीत दोघींचं पस्तान

१४ एप्रिल, सोमवार. राजारामपुरी, कोल्हापूर

पोचले. गडहिंग्लजहून एसटीला गर्दी नव्हती, खिडकी मिळाली. स्टँडवर रिक्षा केली. जोतिबाची यात्रा आत्ताच झाली, रिक्षाच्या टपावर गुलाल तसाच होता. उतरताना माझी ओढणी गुलाबी झाली आणि मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून लिहून ठेवते.

वही नवीन आहे. प्रवासात रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. मला लिहायची सवय नाही. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिथे लिहायचं म्हणजे नळीवर नाव, वय आणि तारीख. या वहीवरही तसंच लिहिलं, भैरवी, वय ३६.

माझी धाकटी बहीण क्रांती गेल्या वर्षी याच महिन्यात गेली. ती इथे वरच्या खोलीत भाड्याने राहायची आणि पलीकडच्या गल्लीत क्लासमध्ये शिकवायची. पाठीवर सॅक टाकून उन्हाळ्यात चार देश फिरायचं तिने ठरवलं होतं. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. निघायला चार दिवस राहिले असताना हुपरीच्या रस्त्यावर तिच्या स्कूटरला अपघात झाला. वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी ठरवलं, तिचा प्रवास आपण करायचा. मी गोव्यापुढे कधी गेलेली नाही. ती चिडवायची, तायडे, तू म्हापशाच्या पुढं गेलीस तर मी मिशा ठेवीन.

सत्तावीस तारखेला मुंबईहून बँकॉकचं विमान आहे. तोपर्यंत इथेच राहायचं, खरेदी करायची, तिने आखलेला रस्ता समजून घ्यायचा. घरमालकिणीने खोली पुन्हा कोणाला दिलेली नाही, तिचा नकाशा भिंतीवर अजून आहे. मेकाँग नदीच्या बाजूला तिने पेनने छोटी होडी काढली आहे. खोलीत उजेड भरपूर. मला इथे बरं वाटतं आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

घरमालकीण चिमणाबाई खाली एकट्या राहतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. वय सत्तरच्या पुढे, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. मला पाहून म्हणाल्या, या पावणं, आणि मग लगेच, पावणं कशाला म्हणू, तू तर आमच्या क्रांतीची भण. ती बडबडी आणि तू अशी मुकी, एका आईच्या कशा गं?

त्यांच्या दारामागे क्रांतीची सॅक आहे. मला माहीतच नव्हतं. आक्कांनी सांगितलं की तिच्या निघण्याचा दिवस चांगला नव्हता, म्हणून आईने फोनवरून तिला आधीच प्रस्थान ठेवायला लावलं होतं. आक्का पस्तान म्हणतात. चांगल्या दिवशी आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, त्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंडाची पुरचुंडी घालायची. तिथून प्रवास सुरू झाला असं धरतात. मग माणूस सोयीने निघतो. क्रांतीने हसत हसत सॅक खाली आणून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी हुपरीला मैत्रिणीकडून चांदीची अंगठी आणायला गेली.

मी सॅक वर न्यायला निघाले तेव्हा आक्का आडव्या आल्या. पस्तान माघारी न्यायचं नसतं, म्हणाल्या. ज्याचं हाय त्यानं उचलावं, न्हायतर सुपारी नदीत सोडावी. तुमच्याकडचं कुणी आलंच न्हाय, आणि माझा हात लागंना.

मी त्यांना नीट समजावलं की मला हीच सॅक घेऊन जायचं आहे. त्या वाटेतून हलल्या. मी जिना चढत होते तेव्हा खालून म्हणाल्या, ऊन लागलंय पोरीला.

१७ एप्रिल, गुरुवार

खरेदी झाली. पातळ टॉवेल, पावसाचं कव्हर, कुलूप, डासांचं मलम, चालायचे बूट. बूट दुकानात दोनदा घालून पाहिले, अगदी बरोबर बसले. एका डब्यात कांदा-लसूण चटणी दाबून भरली. हे क्रांतीचंच म्हणणं होतं, परदेशात भात सगळीकडे मिळतो, चटणी मिळत नाही.

सॅकमधले तिचे कपडे काढून कपाटात ठेवले. थोडा वेळ लागला. मग माझे भरले. वरच्या कप्प्यात तिची पिवळ्या फडक्यातली पुरचुंडी होती, ती तशीच राहू दिली.

सॅक पाठीवर घेऊन पाहिली. क्रांती माझ्यापेक्षा बरीच उंच होती, म्हणून पट्टे आवळून माझ्या मापाचे केले. गॅलरीत फेऱ्या मारल्या. समोरच्या इमारतीतली बाई हसली, मीही हसले.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी सॅकचे पट्टे लांब झालेले होते. नवीन बकल सरकत असेल. पुन्हा आवळले.

दुपारी लस घ्यायला गेले. परत आले तर माझे कपडे खाटेवर होते. घडी घातलेले, एकावर एक, बाह्या आत दुमडून. अशी घडी क्रांती घालायची. मी कपडे गुंडाळून भरते. सॅक उघडली तर आत तिचे कपडे.

आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, माझं गुडघं बघितलंस का, जिना चढून मी तुझी परकरं घड्या घालत बसू व्हय?

कदाचित मीच केलं असेल. वर्षभरात अशा गोष्टी झाल्या आहेत. एकदा मी दोघींचं ताट वाढलं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

आज भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नव्हतं तेव्हा, खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. स्टँडवर लावल्याचा. मग जिन्यावर पावलं, एक पायरी गाळून चढणारी. दाराशी येऊन थांबली. हेल्मेट जमिनीवर ठेवल्याचा ठोका.

मी दार उघडलं. कोणी नव्हतं. उंबऱ्याशी ऊन पडलं होतं.

मला भीती वाटली नाही. खरं लिहायचं तर मी दार उघडंच ठेवून बसले. क्रांती, ये की आत, असंही म्हणाले.

बूट घालून पाहिले. माझे पाय त्यात सैल आहेत. तळव्याला माती लागलेली आहे. मी ते अजून बाहेर घातलेले नाहीत.

२३ एप्रिल, बुधवार

आईचा फोन आला. सत्तावीसला अमावस्या आहे हे तिला आता कळलं. अवसंला कुणी घर सोडतं व्हय, म्हणून रडायला लागली. एक पोर घालवली, आता तू तरी ऐक. आज दिवस चांगला आहे, आजच प्रस्थान ठेव, एवढंच मागते म्हणाली.

मी हो म्हटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून सुपारी, तांदूळ आणि हळकुंड आणलं. पिवळं फडकं नव्हतं. वरच्या कप्प्यातली क्रांतीची पुरचुंडी सोडली आणि माझी सुपारी तिच्या सुपारीजवळ ठेवून पुन्हा गाठ मारली. आपण दोघी एकदमच निघू या, असं मनात म्हटलं. मला ते बरोबर वाटलं. गेल्या वर्षात एवढी बरोबर गोष्ट मी केली नव्हती.

आक्का देवळात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. सॅक त्यांच्या दारामागे जुन्याच जागी ठेवली.

वर आल्यावर खोली मोकळी वाटली. नंतर पाणी प्यायला उठले तर सॅक आत, नकाशाखाली. पट्टे लांब केलेले.

२४ एप्रिल, गुरुवार

आक्कांना सगळं सांगितलं. पुरचुंडी दाखवली. त्यांनी हात लावला नाही, लांबूनच पाहिली.

म्हणाल्या, एका गाठीत दोघींचं पस्तान? हे काय करून बसलीस? एक निघालेली पोचलीच न्हाय. तिला जायाचंय. तिच्याकडं वाट हाय, सामान हाय, आंग न्हाय. आणि तू तिला गाठ बांधून दिलीस.

मी विचारलं, ती माझी बहीण आहे, मला काय करेल? त्या म्हणाल्या, आता तिला भण कळत न्हाय, बाळ. नुसती वाट कळतीया.

दोन्ही सुपाऱ्या पंचगंगेत सोड आणि गावाला जा, म्हणाल्या. दोन्ही सोडल्या तर माझं जाणंही संपलं. मी विचारलं, तिची एकटीची सोडली तर? त्यांनी पुरचुंडीकडे पुन्हा लांबूनच पाहिलं. मग म्हणाल्या, वळकणार कशी?

आमच्या लॅबमध्ये दोन नळ्यांची नावं पुसली गेली तर दोन्ही नमुने टाकतात. अंदाज करायचा नसतो. हे मी नव्या मुलींना शिकवते.

पण मला जायचं आहे. तिचा प्रवास म्हणून ठरवला होता, आता तो माझाही आहे. मेकाँगवरची ती होडी मला बघायची आहे.

दुपारी पुन्हा स्कूटर. मी दाराला आतून कडी घातली. हेल्मेट बाहेर नाही, आत वाजलं. माझ्या मागे.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी घाटावर गेले. गाठ सोडली. दोन सुपाऱ्या, सारख्या. एकीवर पांढरा डाग होता. दुकानात घेतली तेव्हा माझ्या सुपारीवर डाग होता असं वाटतं. पण दुकानात निवडली तेव्हा माझी बोटाला गार लागली होती, आणि आता दोन्हीतली डाग नसलेली गार होती.

डागाची ठेवली. दुसरी पाण्यात सोडली.

ती बुडाली आणि मला धाप लागली. पायरीवर बसून राहिले. शेजारी एक बाई कपडे धूत होती, तिला पाणी मागितलं. तिने वर पाहिलं नाही. पुन्हा मागितलं. तिने पिळलेली चादर माझ्या मांडीवरच झटकली.

घरी आले. सॅक दाराजवळ, निघायच्या तयारीत. वरचा कप्पा उघडा.

दुकानातल्या पुडीत तीन सुपाऱ्या होत्या. उरलेल्या दोन कपाटात आहेत. आत्ता काढून पाहिल्या.

एकीवरही डाग नाही.

२६ एप्रिल, शनिवार

फोन माझं बोट ओळखत नाही.

आईला फोन करायचा म्हणून खाली आक्कांकडे गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी तीन वेळा हाक मारली. त्या माझ्यामागे दाराकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, ये गं भैरवी, बस. काल मुकी होतीस, आज तोंड सुटलं की! मी मागे पाहिलं. कोणी नाही. पण चुलीजवळचा पाट सरकला आणि कोणीतरी बोलायला लागलं. खूप बोललं.

आवाज माझा होता. बोलणं क्रांतीचं.

आक्का सांगत होत्या, बघ, मी म्हटलं नव्हतं, सुपारी सोडलीस आणि बरं झालं. चेहरा कसा खुलला तुझा.

मी ओरडले. आक्का, ती मी नाही, मी इथे आहे. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

माझे कपडे सगळे कपाटात. बुटांवर नवी माती.

गडहिंग्लजला जावं म्हणून रस्त्यावर आले. रिक्षा थांबेना. एसटीत चढले, बस सुटली, आणि मी खोलीत. नकाशाखाली. पुन्हा गेले. पुन्हा खोलीत.

पेन मात्र धरता येतं. वही मला दिसते. वहीवर माझं नाव आहे, मीच लिहिलं आहे, नळीवर लिहिते तसं. भैरवी, वय ३६, तारीख. हे पुसलं जाऊ नये.

क्रांती, मी तुझं

२७ एप्रिल

सकाळ. सॅक नाही. बूट नाहीत. नकाशा भिंतीवरून काढलेला, चार टाचण्यांची भोकं—

दाराला कडी नाही तरी ते उघडत नाही. गॅलरीतून खालचं दिसतं.

आक्का दारात उभ्या. समोर पाठमोरी कोणी, माझा निळा कुर्ता, सॅक बरोबर बसलेली, पट्टे लांब. आक्का हातावर दही घालतायत. पोचलीस की आईला फोन कर भैरवी, म्हणाल्या. तिने दही चाटलं. हात जिभेने पुसला, क्रांती लहानपणापासून—

रिक्षा आली. समोरच्या गॅलरीतली बाई तिला हात करते आहे.

तायडे असं तरी एकदा म्हण. वर बघ. एकदा—

थांबली. आक्कांना काहीतरी सांगते आहे. आक्का म्हणतायत, निघालेल्यानं माघारी फिरू न्हाय गं, राहू दे ती वही. ती हसते आहे. माझं हसू. म्हणते, माझं नाव आहे त्याच्यावर, लागेल मला—

जिना. एक पायरी गाळून.

वही लपवायला हात—

दार उघडलं. ती माझ्याकडे बघत नाही. वहीकडे बघते आहे. हाताला दही आहे, त्याच हाताने पान