हरताळाखालची ओळ

३ नोव्हें., सोम.
गगनबावड्याच्या वाटेवरच्या गावाहून बापू आले आमच्या जुने कागद जपायच्या लॅबमध्ये. ऐंशीकडे झुकलेत, आवाज मात्र तालमीतला. फडक्यात गुरांच्या औषधांची मोडी पोथी. "आमच्या खापरपणज्यानं लिवल्याली हाय. छापायची हाय. तेवढं शेवटचं पान साफ करून द्या मॅडम." पानावर पिवळा डाग. दर दसऱ्याला पोथी पुजतात, म्हणजे हळदच. मीही हो म्हणून बसले. बापू थुंकी लावून पानं उलटतात, बघवेना. टोकलं तर, "जल्मभर असंच उलटतोय की."

४ नोव्हें.
नशीब, ब्रश लावला नाही. डाग एक्सआरएफ यंत्राखाली धरला, कशात काय मिसळलंय ते सांगतं ते, तर आर्सेनिक आणि गंधक. हळद कसली डोंबलाची. हरताळ. जुने लोक खोडायच्या ओळीवर फासायचे तोच. म्हणजे खाली काहीतरी आहे.
बापूंना फोन. थुंकी बंद, विष आहे ते. "तरीच माझ्या पोटात जंत न्हाईत." हसून बेजार.

६ नोव्हें.
शाई काजळाची. इन्फ्रारेड फोटोत हरताळ गायब, ओळ लख्ख. अक्षर लावत लावत वाचली. 'सांगणार धोंडनाक महार, मौजे आजरे.' खाली, न खोडलेली, बापूंच्या खापरपणज्याची ओळ, 'लिहिणार गोविंदा'. औषधं त्याची, अक्षर याचं.
पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेआधीच्या कुणाचं नाव कुठल्या कागदावर नाही. धोंडनाक माझा कोणी लागत नाही, तरी उड्या माराव्याशा वाटल्या. डबा तसाच राहिला.
पण बापूंना कसं सांगू? त्यांच्या घराला अख्खं गाव वैद्याचं घर म्हणतं.

१० नोव्हें.
दाखवलं बापूंना. फोटोतल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग, "पुसलं कुनी?"
ते यंत्र सांगत नाही, म्हटलं.
"मग काय कामाचं तुमचं यंत्र."
चहा न घेताच गेले. पोथी टेबलावरच. वाईट वाटलं. माणूस आवडतो मला.

१४ नोव्हें., शुक्र.
बापूंचा फोन. "पोरी, जेवलीस काय?" इतके दिवस मॅडम होते मी. मग मुद्द्याचं. "दोन्ही नावं छापायची म्हनतोय मी. तर भावकी उठलीया अंगावर. म्हनत्यात, म्हातारं चळलंय. ऐतवारी समदी बसनार हायत घरी. तू ये, यंत्र घिऊन."
यंत्र हलत नाही, फोटो आणते, म्हटलं.
"आन. आन् जेवायलाच ये. तांबडा-पांढरा रस्सा करायला सांगतो."
हो म्हणून बसलेय खरी. धाकधूक आहे. वीसेक माणसं, सगळी त्यांचीच. फोटो मोठा करून घेतला, मागच्यालाही दिसेल असा.
आईला सांगितलं. तिनं पेपर बाजूला ठेवला. "जा की. आणि ते नाव मोठ्यानं वाच."