सॅटिन फिल्मखाली काय ठेवायचं

रविवार, सात तारीख

गाडीमालक यांस,

घडलेलं थोडक्यात असं:

१. तुझी गाडी सुखरूप आहे.
२. रॅप की फिल्म, हे ठरलं. सॅटिन फिल्म, पारदर्शक. गाडी निळीच राहील.
३. बॉनेटवर ताटाएवढा एक चकचकीत गोल पडला आहे. तो घाणीने नाही, स्वच्छतेने पडला.
४. तो बाबांनी पाडला. त्यांना त्याबद्दल काही बोलू नये. त्यांना तो फार आवडतो.
५. रोज संध्याकाळी मी कारखान्याच्या बसने येत नव्हते, तू मला घरी सोडत होतास, हे बाबांना कळलं. आईला आधीच माहीत होतं. कसं, ते खाली.

आता रीतसर. स. न. वि. वि. (पहिल्या अक्षराचा विस्तार करत बसू नये. मायन्यात असतं म्हणून लिहिलं आहे.) तुझा खोकला गेला का? तिथल्या खोलीची खिडकी बंद होत नाही असं म्हणाला होतास, तिच्या फटीत निदान रबरी पट्टी तरी बसव. नवा प्लँट उभा करायला गेलेल्या माणसाला स्वतःच्या खोलीची खिडकी बंद करता येऊ नये, हे तुमच्या मेंटेनन्स खात्याला शोभत नाही. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, आणि 'हं' म्हणजे हो की नाही की मागे मशीन चालू आहे, हे इकडून ठरवता येत नाही. म्हणून पत्र.

तू जाताना गाडी आमच्या पार्किंगमध्ये ठेवलीस तेव्हा मी घरी सांगितलं होतं की कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची आहे, त्याला जागा नाही, आपली रिकामी आहे. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. बाबांनी स्कूटर विकल्यापासून त्या जागेत अख्ख्या इमारतीच्या मोडक्या सायकली येऊन पडायच्या आणि बाबा त्यांच्याकडे बघत जिना चढायचे. गाडी आली तशा सायकली गेल्या. तेव्हापासून ते तुझ्या गाडीला 'पाहुणी' म्हणतात. पाहुणीची बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी खाली जाऊन इंजिन सुरू करतात आणि ते चालू असेपर्यंत आत बसून पेपर वाचतात. चालवत नाहीत. परक्याची गाडी, म्हणतात. त्यात एक अडचण अशी की तुझे पाय लांब आणि बाबांचे आखूड, त्यामुळे क्लच दाबायला त्यांना सीटच्या अगदी कडेवर येऊन पाय ताणावा लागतो, फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभं राहावं तसा. सीट पुढे घेऊ का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं की पुन्हापुन्हा सरकवल्याने सीटची रूळपट्टी झिजते. (एवढ्याने झिजत नाही. तुला माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं. आयुष्यभर मशीनशॉपमध्ये तपासनीस होते.) तर सीट तू ठेवलीस तिथेच आहे. आरसाही. त्यात मला इमारतीचं छत दिसतं.

रंगाचं म्हणशील तर टपावर उन्हाने पांढुरकी झाक आली आहे आणि पक्ष्यांनी आपलं काम केलं आहे. तुला कळवलं, तेव्हा तुझं उत्तर आलं, 'तुला आवडेल ते कर.' मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे कुणी 'तुला आवडेल ते' असं लिहून नमुना पाठवला तर तो तसाच परत जातो. तरी मी कामाला लागले. दोन पर्याय होते. रॅप म्हणजे रंगीत चादर; गाडीचा मूळ रंग पूर्ण झाकतो, हवा तो नवा रंग देतो, कंटाळा आला की सोलून काढता येतो. फिल्म जाड आणि पारदर्शक. रंग आहे तोच दिसतो, दगड-माती ती स्वतःच्या अंगावर घेते, आणि सॅटिन असेल तर चकाकी कमी होऊन रेशमासारखी मऊ झाक येते. बारीक ओरखडे उन्हात ठेवले की आपोआप भरून येतात. (ही सोय फक्त फिल्मच्या वरच्या थराला आहे. इतर कशालाही नाही.)

नमुन्याच्या पट्ट्या मी जेवणाच्या टेबलावर मांडल्या. आईने सॅटिनवरून बोट फिरवून बोट तपासलं, धूळ नव्हती याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि मग ती म्हणाली की गाडी पुसायची राहून गेल्यासारखी दिसेल, लोक मला नावं ठेवतील. तुझ्या गाडीवरून लोक तिला का नावं ठेवतील, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. तिला वांगी रंगाचा रॅप पसंत पडला. मलाही तो बरा वाटत होता. टिकतो चांगला, कडांना सुटत नाही. मी जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात बाबा पेपरामागून म्हणाले, "तो येईल आणि स्वतःची गाडी शोधत फिरेल. मग आपण चावी कुणाच्या हातात द्यायची?"

नंबरप्लेट असते, हे मी त्यांना सांगितलं. पण मनातल्या मनात तुला मी रस्त्याच्या त्या टोकाकडून येताना पाहिलं, पाठीवर ती फाटकी बॅग, आणि तू वांगी रंगाच्या गाडीवरून नजर फिरवून सरळ पुढे निघून गेलास. तांत्रिक कारणांमुळे मी फिल्म निवडली.

फिल्म लावणाऱ्या माणसाने (त्याला घरात आता नुसतं फिल्मवाला म्हणतात, जसा काही तो वर्षानुवर्षं दूध घालतो आहे) आधी फक्त बॉनेटवर लावून दिली. आठ दिवस बघा, पटलं तर बाकीची लावू. एकच पथ्य सांगितलं: सॅटिनला पॉलिश लावायचं नाही. घासलं की तेवढाच भाग चमकतो आणि मग ती चमक जात नाही. मी तसं कार्डावर लिहून वायपरखाली ठेवलं. बाबांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि बुटांच्या पॉलिशच्या शेजारी स्कूटरच्या पॉलिशची जी डबी असते ती घेऊन बॉनेट घासायला लागले. त्यांचं म्हणणं असं की सूचना बाकीच्या गाडीला होती. बॉनेट तर मंद पडलं होतं, आणि मंद पडलेल्यालाच पॉलिश लागतं. ज्या माणसाने आयुष्यभर 'चमकलं म्हणजे काम झालं' असा शिक्का मारला त्याला मी मंदपणा मुद्दाम आणलेला असतो हे कसं पटवणार? त्यांचा हात एका जागी उभं राहून जेवढा फिरतो तेवढा गोल झाला आहे. मी प्रयोगशाळेतलं चकाकी मोजायचं यंत्र आणून लावलं. गोलाबाहेर बत्तीस, गोलात एकसष्ट. बाबा मागे उभे होते. निकालाच्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहायचे तसे.

"किती पडले?"

एकसष्ट, मी म्हटलं. ते म्हणाले, अजून एक हात मारला तर सत्तरला जाईल.

त्यामुळे बॉनेटची फिल्म बदलावी लागणार, हे सांगायला मी फिल्मवाल्याकडे निघाले, तर बाबाही बरोबर आले. म्हणाले, पाहुणीला एकटं पाठवायचं नाही. गाडी मी चालवली. (सीट न सरकवता. मागे उशी घेऊन.) फिल्मवाला पायात मऊ मोजे घालून, पट्टा काढून ठेवून काम करतो, म्हणजे बक्कल लागून ओरखडा पडू नये. गोल बघून तो हसला नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. मग त्याने बॅटरी घेऊन सगळी गाडी तिरप्या उजेडात तपासली. टप, दिवे, काठ. शेवटी दारं. हँडलच्या मागे जो खळगा असतो, बोटं घालायचा, त्याला तो वाटी म्हणतो. चालकाच्या दाराच्या वाटीत नखांच्या रेघा होत्या, त्या प्रत्येक गाडीत असतात. मग तो शेजारच्या दाराकडे गेला आणि तिथेच थांबला. इथे तर चालकापेक्षा जास्त आहेत, म्हणाला. हे रोजचं माणूस. बायको असणार.

बाबा म्हणाले, त्याचं लग्न झालेलं नाही.

मग होईल, फिल्मवाला म्हणाला, आणि पुढच्या दाराकडे वळला.

इथे विषय संपला असता. पण बाबांनी त्याच्याकडून बॅटरी मागून घेतली. जन्माचे तपासनीस. वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ वाटीत बघत राहिले. तुला आठवत असेल, माझं मधलं बोट लहानपणी कपाटाच्या दारात सापडलं होतं आणि त्याचं नख अजून दुभंगून वाढतं. प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांना त्याच जागी भोक पडतं. वाटीतल्या रेघांमध्ये दर दोन रेघांच्या मधली रेघ जोडरेघ आहे, रुळांसारखी. हे मला ठाऊक नव्हतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या पत्र्यांवरचे ओरखडे भिंगाखाली बघते, पण त्या वाटीत कधी वाकून पाहिलं नव्हतं. पाहायला वेळच नसायचा, दार उघडलं की तू बोलायला सुरुवात करायचास. बाबांनी बॅटरी बंद करून परत दिली. माझ्या हाताकडे बघितलं नाही. छताच्या पंख्याकडे बघून म्हणाले, "कारखान्याची बस बरीच आरामाची होती म्हणायची."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगायचं ठरवलं होतं, मुद्देही जुळवले होते. ती डाळ निवडत होती. म्हणाली, तुमची बस आपल्या भागात येणं कधीचंच बंद झालंय, शेजारणीची मुलगी त्याच बसने जायची ना. आणि पुढे म्हणाली, मी आपलं मनात म्हटलं, पोरगी सांगेल कधीतरी. मग तिने डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं की तो आता इतके दिवस तिकडे आहे, तर त्याला जेवायला कोण घालतं. तू ते कधी सांगितलेलं नाहीस.

कळवायचं एवढंच. संध्याकाळी प्रयोगशाळेतून आल्यावर मी कधीकधी पार्किंगमध्ये थांबते. पाहणीसाठी. शेजारच्या सीटवर बसते, कारण चालकाच्या सीटला उशी लागते. रेडिओ लावत नाही. तू ज्या स्टेशनवर ठेवलास ते आता बरोबर लागत नाही, नुसती खरखर येते, आणि ते बदलायचं म्हणजे पुन्हा कुठेतरी हात लावणं आलं.

गाडी सांभाळणारी

ता. क. बाबा विचारतात, त्याने तिकडे गाडी घेतली नाही ना. घेतली नाही असं मी सांगितलं आहे. खोटं ठरू देऊ नकोस.

ता. क. २. मागच्या फोनवर तू म्हणालास की तिथलं काम 'बहुधा' अजून लांबेल. बहुधा हे माप नाही.

ता. क. ३. खरं विचारायचं ते राहिलं. फिल्म लावण्याआधी सगळा पत्रा पॉलिश करून घेतात. फिल्मखाली जे राहतं ते मग तसंच राहतं, फिल्म आहे तोवर, म्हणजे बरीच वर्षं. फिल्मवाल्याने शेजारच्या दाराच्या वाटीवर बोट ठेवून विचारलं, या रेघा काढू ना? ओरखडा हा दोष असतो, असं मी नोकरीत रोज लिहून देते. तिथे मला ते म्हणता आलं नाही. बाबाच म्हणाले, मालकाला विचारून सांगतो. तेव्हा मालकाला विचारते आहे: रेघा काढायच्या की ठेवायच्या? 'तुला आवडेल ते' हे उत्तर धरलं जाणार नाही, 'हं' तर नाहीच. शुक्रवारी सकाळी तो काम सुरू करतो. उत्तर गुरुवार, अठरा तारखेपर्यंत कळवावं.