हात दारात सापडला

प्रिय बडबडे,

अक्षर बघून हे कुणाचं पत्र म्हणून तू पाकीट उलटंपालटं करून बघशील. डाव्या हाताने लिहिते आहे. चार ओळी झाल्या की मनगट भरून येतं, मग उठते, दोन भांडी विसळते आणि पुन्हा बसते. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू दिलं असतंस का? तुझ्यापुढे आजवर कुणाचं वाक्य पुरं झालंय? म्हणून कागद घेतला. यात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. ह्यांचं गॅरेज चालू आहे. थोरली आता स्वयंपाकाला लागलीये, पण वेणी मात्र माझ्याकडूनच घालून घ्यायची म्हणून हटून बसते. मग माझ्या हातून पेड निसटतात आणि आम्ही दोघी हसतो. म्हणजे मी हसते, ती नुसती मान खाली घालून बसते. मावशी हल्ली का येत नाही, असं धाकटा तुझ्याबद्दल अधूनमधून विचारतो. मावशीला बढती मिळाली, तिला वेळ नसतो, असं मी सांगते. खोटं सांगायची आता सवय झाली आहे.

तुला आठवतं का, खोक्यांच्या कारखान्यात आपण पहिल्यांदा एका मशीनवर उभ्या राहिलो ते दिवस? मी अलीकडून पुठ्ठा आत सरकवायची, तू पलीकडून कापलेला तुकडा ओढून घ्यायचीस. त्या धडधडीत कानाला काही ऐकू यायचं नाही, तरी तुझी टकळी चालूच. तुझ्या ओठांवरून मला सगळं कळायचं. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती, तर तू सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलीस आणि म्हणालीस की तुमच्या दाराची कडी काढून द्या, आम्ही आमच्या दाराला लावून घेतो. दुसऱ्या दिवशी कडी बसली. घरी जाऊन मी ह्यांना ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल! ही बाई शेजारी उभी आहे तोवर आपल्याला भ्यायचं कारण नाही, असं मला मनापासून वाटायचं.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागोमाग ती योजना आली. साहेब वाईट नव्हते. सगळ्यांना हसून नमस्कार करायचे. कामगारांचा उत्साह वाढला पाहिजे, त्यांच्या कामाचं कौतुक झालं पाहिजे, असं म्हणायचे आणि ते ऐकून आपल्याला बरं वाटायचं, कारण त्याआधी कौतुक हा शब्द त्या इमारतीत कुणी काढलाच नव्हता. फाटकाशी फळा लागला. अपघाताशिवाय किती दिवस गेले, तो आकडा रोज सकाळी बदलायचा. तिमाहीभर ज्या विभागात अपघाताची नोंद नाही, त्या अख्ख्या विभागाला बक्षीस, घरच्यांसकट जेवण आणि फाटकाशी फोटो. उत्साह वाढला, नाही कशाला म्हणू? पूर्वी बोट कापलं की आपण पेटीतली मलमपट्टी घ्यायचो. आता पेटीच्या दिशेने कुणी चार पावलं टाकली तरी सगळ्यांचे डोळे तिच्या पाठीला चिकटायचे. बायका घरून पट्ट्या आणायला लागल्या. हात आत जाऊ नये म्हणून असलेली मशीनवरची जाळी सुतळीने वर बांधलेली होती ती तशीच राहिली, कारण जाळी खाली घेतली की खोकी कमी निघायची आणि जास्त खोक्यांचं बक्षीस वेगळं होतं. दोन्ही बक्षिसांचे कागद एकाच भिंतीवर लावलेले होते. साहेब त्यांच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना माहिती द्यायचे.

तिमाही संपत आली होती. पुठ्ठा तिरका गेला आणि तो सरळ करायला मी हात घातला. मशीन तू बंद केलंस, नाहीतर हात मनगटापर्यंत गेला असता. त्याबद्दल मी तुझे उपकार मानते, आजही मानते. पण त्यानंतर तू माझ्या हाताला रुमाल गुंडाळलास, आणि गुंडाळता गुंडाळता माझ्या कानाशी म्हणालीस, "घरी दारात सापडला म्हणून सांग. एवढं एक कर, सगळ्यांच्या तोंडचा घास जाईल." मी वर बघितलं. सगळ्याजणी भोवती उभ्या होत्या. कुणी मला पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, पण तू म्हणालीस ते चूक आहे असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. तू मला मागच्या दाराने बाहेर काढलंस. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढा कसा चेंगरला? दारात, म्हटलं. कसलं दार होतं, असं त्यांनी पुन्हा विचारलं. घरचं, म्हटलं.

आपला विभाग जिंकला. फोटोत मी नाही, पण बक्षीस माझ्या वाट्यालाही आलं, तू स्वतः घेऊन आलीस. डब्यांचा संच. झाकणं इतकी घट्ट आहेत की एका हाताने उघडत नाहीत. साखर हवी असली तर मी थोरलीला हाक मारते. तीनदा तू फळं घेऊन आलीस. पुढे दोन बोटं वळेनाशी झाली, आणि पुठ्ठा धरता येत नाही म्हणून मला घरी बसवलं, तेव्हा तू माझ्याबरोबर ऑफिसात येशील असं मी धरून चालले होते. तुला त्या दिवशी मीटिंग होती. आतल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की घरातल्या दुखापतीला कंपनी काय करणार? त्यांचं काही चुकलं नाही. हात घरी दारात सापडला असं लिहिलेल्या कागदावर माझ्याच हातची सही होती, तेव्हा अजून तर्जनी थोडी वळत होती.

मग तुला सुपरवायझर केलं, छातीवर बिल्ला लावला. आनंद झाला मला, खरंच झाला. वाटलं, आता ही जाळी खाली घेईल. पुढे कळलं की वार्षिक कार्यक्रमात तू व्यासपीठावरून माझी गोष्ट सांगितलीस. नाव घेतलं नाहीस. आपली एक सखी, जिने स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून विभागाचा मान राखला, अशी. टाळ्या पडल्या म्हणे. इथे मी भाजी चिरायला पोरीची वाट बघत बसले होते. ह्यांना हे कळलं तेव्हा ते कधी नव्हे ते तुझ्याबद्दल वाईट बोलले आणि मी त्यांनाच गप्प केलं. तुझी बाजू घ्यायची खोड जायला वेळ लागला.

ती खोड गेल्या आठवड्यात गेली. दुपारी दार वाजलं. माझ्या जागेवर जिला घेतलंत ती चष्मेवाली दारात उभी होती. हाताला मशीन पुसायचा फडका गुंडाळलेला, तोंड पांढरंफटक. आत येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "सुपरवायझरबाईंनी पाठवलंय. म्हणाल्या, डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्ही नीट समजावून सांगाल." बडबडे, माझ्या हाताचा तू हा उपयोग केलास? मी तिला पाणी पाजलं आणि रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती रडत होती, विभागाचं बक्षीस जाईल, सगळ्या माझ्यावर तुटून पडतील म्हणून. तिथे तिच्याआधी मीच बोलले. कारखान्यात, मशीनवर, जाळी वर बांधलेली असताना. तिचं लिहून घेतलं, मग माझंही घेतलं. सोमवारी कारखान्यात सरकारी निरीक्षक येणार आहेत. माझ्या वेळी मशीन कुणी थांबवलं आणि मला मागच्या दाराने कुणी नेलं, दोन्ही मी सांगितलं आहे, तुझ्या नावानिशी. हे तुला साहेबांकडून कळू नये म्हणून हे पत्र. बायका मला शिव्या देतील, देऊ देत. तुला ते विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी काही शिकवायला येणार नाही.

तुझीच,
मशीनच्या अलीकडे उभी असायची ती