रहिवासी होऊन राह्यलो

पुलगाव, सोमवार, २ जुलै १९५६

१२ मे रोजी दुपारी चार वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आठवते, कारण त्याच क्षणी मिलचा भोंगा झाला आणि मी दचकलो. (भोंग्यामुळे. तिच्यामुळे नंतर.)

मित्राच्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून इथे आलो होतो. निघताना कापडवाले प्रभाकरराव यांची मुलगी शोभा दारात उभी होती. माझ्या दिशेने बघून म्हणाली, "येजो बरं!" नुसतं 'या' नाही. 'येजो'! एका क्रियापदात एवढा जिव्हाळा पुण्यात आजवर कोणी घातलेला नाही.

सात आठवडे विचार केला. परवा कॉलेज सोडलं. इंटर सायन्सची टर्म मी म्हटल्यावर थांबणारी वस्तू आहे, प्रेम नाही. आमचा प्रॅक्टिकलचा डेमॉन्स्ट्रेटर सदाशिव म्हणाला, "टर्म भर आणि मग जा. येजो म्हणाली ना? मग दिवाळीतही येजोच असेल." असली माणसं जन्मभर ब्युरेट धूत राहणार.

संकल्प : १) इथलंच व्हायचं. २) कोणालाही भ्यायचं नाही.

३ जुलै, पहाटे

खोलीत विंचू. रात्रभर कंदील विझवला नाही. भीतीमुळे नव्हे, निरीक्षणासाठी.

६ जुलै

घरमालकीण अनुसयाबाई. विधवा, एकट्या, दोन म्हशी, आवाज तिसऱ्या म्हशीचा. म्हणाल्या, "काऊन जी, पुन्याचं एवढं मोठं शहर सोडून इथं काऊन आले? काई करून तर नाई आले?" मी म्हणालो, हवापालटासाठी. म्हणाल्या, "जुलैत?"

लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो जवळ आहे म्हणून इथे परक्या माणसाकडे लोक दोनदा बघतात. मी तीनदा उलट बघतो.

शेजारी बापूराव. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर आहेत. त्यांच्याशी बोलताना मी 'तुमच्या वऱ्हाडात' म्हणालो. म्हणाले, "वऱ्हाड वर्धा नदीपल्याड. नदीच्या इकडं नाई." भूगोलात मला पहिल्यापासून गोडी नाही.

१९ जुलै

दुकानात गेलो. तिसरा रुमाल निवडला. शोभा मागच्या दारातून आली, वडलांना चहा दिला. माझ्याकडे वळून म्हणाली, "येजा, भाऊ."

'भाऊ'ने मी डगमगलो नाही. इकडे भाऊ म्हणजे मिस्टर.

पण प्रभाकरराव त्याच वेळी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "पोरगी प्रांताबाहेर द्याची नाई. आपल्या मध्यप्रदेशातच. एवढ्या दूर रडली तर ऐकू कोनाले येईन?" हे बोलताना हातातला कापड मोजायचा लोखंडी गज काउंटरवर आपटला. मी रुमाल न घेताच निघालो. पैसे देऊन.

रस्त्यात सगळं लख्ख दिसलं. अडचण माझ्यात नाही. अडचण माझ्या प्रांतात आहे. मग प्रांत बदलायचा! मध्यप्रदेशचा रहिवासी असल्याचं सर्टिफिकेट काढायचं आणि ते गजाशेजारी ठेवायचं.

६ ऑगस्ट, वर्धा

पॅसेंजरने आलो. कचेरीसमोर कडुनिंबाखाली रूपराव नावाचे अर्जनवीस. कान आणि कलम यांत अंतर नाही. विचारलं, "कवापासून राहून राह्यले पुलगावात?"

महिनाभर वऱ्हाडी घोटली होती. (नदीच्या अलीकडच्या भाषेला काय म्हणतात हे विचारायचं राहिलं.) छाती काढून म्हणालो, "मी तं इथलाच हाय जी!"

ते खूश झाले. भराभर लिहिलं. वाचून दाखवू लागले, तर मी भडकलो. म्हटलं, मला अडाणी समजता काय? सही ठोकली. दोन साक्षीदार लिहिले : अनुसयाबाई आणि बापूराव. त्यांना विचारायचं आहे, पण ते नाही कशाला म्हणतील?

आज मी अर्धा मध्यप्रदेशी.

८ ऑगस्ट

बापूरावांनी अर्जाची नक्कल वाचली. दोनदा वाचली. म्हणाले, "वासुदेवभाऊ, यात तुमचा जन्म पुलगावचा लिवला हाय."

मी म्हणालो, लिहिणाऱ्याची चूक.

"अन् सही?"

सही माझी आहे. वर ओळ आहे, 'सदर मजकूर प्रतिज्ञेवर खरा'. खोट्या प्रतिज्ञेला काय असतं हे मी सहज विचारलं. ते सहज म्हणाले, "जेल."

साक्ष? म्हणाले, "देईन. पन चौकशीवाला आला तं खरं तेच सांगीन. खोटं मी बोलत नाई, तुमच्यासाठी बी नाई."

हे धमकीच्या सुरात नव्हतं. त्यामुळे जास्त भीती वाटली.

९ ऑगस्ट

अर्ज मागे घ्यायला वर्ध्याला जायचं ठरवलं.

१० ऑगस्ट

गेलो नाही. पोटात दुखत होतं. स्टेशनवर पोलीस उभा होता, या गोष्टीचा पोटाशी संबंध नाही.

२७ ऑगस्ट

दारावर थाप. खाटेखाली गेलो. अनुसयाबाई ताक घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "काय शोधून राह्यले?" म्हटलं, बटण. त्याही वाकून शोधू लागल्या. न हरवलेलं बटण आम्ही पंधरा मिनिटं शोधलं. शेवटी त्यांना एक सापडलं. कोणाचं, देव जाणे. मी आभार मानले.

१५ सप्टेंबर

बापूराव म्हणाले, "पेपर वाचत जा. राज्यं बदलून राह्यली." मी म्हणालो, पेपर वाचायला मला वेळ नाही, मी इथे स्थायिक होण्याच्या कामात आहे. ते बघत राहिले.

त्यांना खुबीने 'येजो'चा अर्थ विचारला. म्हणाले, "लहानाले, घरच्याले येजो. मोठ्याले, परक्याले येजा."

सबंध दिवस हादरलेला होतो. रूपरावही येजा, पोस्टमनही येजा, अनुसयाबाईंचंही येजा. शोभाचं दुकानातलं, तेही येजा!

रात्री उलगडा झाला. मे महिन्यात तिने मला पहिल्याच भेटीत घरचं मानलं. दुकानात वडील समोर होते म्हणून येजा. मुलगी हुशार आहे.

१३ ऑक्टोबर

बापूराव, त्यांची बायको मीराबाई, सगळी वस्ती नागपूरला निघाली. उद्या दसरा, उद्या तिथे बौद्ध धम्माची दीक्षा. स्टेशनवर पांढऱ्या कपड्यांची नुसती दाटी. माझ्या दोन साक्षीदारांपैकी एक गाडीत चढले. खिडकीतून मीराबाई म्हणाल्या, "घाबरू नका जी, दोन दिवसांत येतो." मी घाबरलेला कुठे दिसलो त्यांना?

१६ ऑक्टोबर

परत आले. बापूराव तेच, पण चालणं वेगळं. उंबऱ्यात जरा जास्त उंच दिसले. मी विचारलं, काय बदललं? म्हणाले, "सगळं. अन् काईच नाई. सकाळी पयल्या पाळीले जायचं हाय." मग हसले.

२२ ऑक्टोबर, सोमवार

भयंकर दिवस. चौकशी आली!

तहसिलातून कारकून पुंडलिकराव, बगलेत फाईल. मी त्यांना कोपऱ्यावर पाहिलं आणि अनुसयाबाईंच्या परसात पऱ्हाट्यांच्या ढिगामागे गेलो. कपाशीच्या वाळक्या काड्या पाठीत टोचत होत्या, पण कान मोकळे होते.

"भाडेकरू कुठं हाय?" "आताच होता," अनुसयाबाई गावभर ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "लपून राह्यला असंन."

लपून राहिला! म्हणजे चार महिने मी इथे फरारी म्हणून राहिलो, हे कागदावर गेलं! डोळ्यांपुढे बेड्या आल्या, बाबा आले, लोखंडी गज आला.

मग बापूराव. कारकुनाने नाव विचारलं, काम विचारलं, जात विचारली. "बौद्ध लिवा." टाक थांबला. "असा रकाना नाई." बापूराव म्हणाले, "नाई तं करा. जागा हाय तिथं."

मग टाक कुरकुरला.

'बौद्ध लिवा', दोन शब्दांचं वाक्य. आवाज हलला नाही. मीही तसंच बोललो असतो, पण काड्या टोचत होत्या.

माझ्याबद्दल म्हणाले, "पोरगा जुलैत आला. जन्म पुन्याचा. लिवनाऱ्याले चुकीचं समजलं अन् यानं वाचलं नाई. डोकं गरम हाय, मन वाईट नाई." मग ढिगाकडे तोंड करून, "वासुदेवभाऊ, निंघा बाहेर. विंचू असते त्याच्यात."

निघालो. वेगाने.

पुंडलिकराव मला नखशिखांत बघून म्हणाले, दिवाळीनंतर कचेरीत हजर व्हा. संध्याकाळी बापूरावांनी सांगितलं, 'लपून राह्यला' म्हणजे आत्ता लपतो आहे, एवढंच. तेही काही कमी नाही.

३१ ऑक्टोबर

बाबांना पत्र लिहिलं, 'तुरुंगातून पत्र लिहिता येतं का ते कळवीन.' फाडलं. दुसरं लिहिलं, 'हवा मानवते.'

८ नोव्हेंबर, वर्धा

धोतर, टोपी, सोबत दोन लाडू (अनुसयाबाईंनी दिले, "आत जेवाले देतीन का नाई, का माईत"). पाय कचेरीच्या पायऱ्यांवर दोनदा मागे आले.

पुंडलिकरावांनी फाईल उघडली आणि हसायला लागले. शेजारच्या टेबलाला ऐकवलं, "मध्यप्रदेशचा दाखला मागून राह्यला हा!" सगळं ऑफिस हसलं. मला वाटलं, हीच शिक्षा.

म्हणाले, "अहो, आठ दिवस झाले, आपून सारे मुंबई राज्यात गेलो. तुमी मुंबई राज्यातले, मी मुंबई राज्यातला, हे टेबल बी. आता कायचा दाखला?" अर्जावर तांबडी रेघ मारली. "जन्माचं लिवलं ते बी गेलं. पुन्हा सही कराची तं वाचून करा, भाऊ."

बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो आणि दोन्ही लाडू खाल्ले. चार महिने ज्या प्रांतात शिरायला धडपडलो, तो माझ्या खालून निघून गेला. मी होतो तिथेच, पुणेकरच, आणि आता मी प्रांतातला!

म्हणजे अडचणच संपली. उद्याच प्रभाकरराव. गज असो वा नसो.

९ नोव्हेंबर

गेलो नाही. मुहूर्त बघितला, बरा नव्हता.

१५ नोव्हेंबर

जाण्याआधीच बोलावणं आलं. प्रभाकररावांनी आत, थेट घरात बसवलं. चिवडा आला. गज दिसला नाही. मी मनात वाक्य जुळवत होतो.

तेच आधी बोलले. "आता राज्य एक झालं. प्रांताबाहेर कुठं राह्यलं? पुन्याचं एक स्थळ दोन महिन्यांपासून अडून होतं." मी चिवडा गिळला. "पोरगा शिकलेला हाय, पुरा शिकलेला. तुमच्याच कालेजात डेमॉन्स्ट्रेटर हाय म्हनते. सदाशिव नाव. तुमी पुन्याचे, तुमाले माईत असंन. पोरगा कसा हाय? तुमी सांगान तेच मी खरं मानीन. होकार-नकार त्याच्यावरच."

शोभा दाराआड उभी होती. पदराचं टोक दिसत होतं, बोटांनी पिळलेलं.

एक वाक्य पुरे होतं. खोकला आहे म्हणायचं. कर्ज आहे म्हणायचं. प्रभाकरराव तपासायला पुण्याला जाणार नव्हते. आणि ते तोंडाशी आलंही, खोटं नाही सांगत, म्हणजे खोटं तेच तोंडाशी आलं होतं. पण पदराचं टोक बघितलं. तिच्या पुढच्या साऱ्या जन्माची नोंद होती ती, आणि मी लिहिणारा. या वेळी वाचूनच सही करायची होती.

म्हणालो, "चांगला आहे. फर्स्ट इयरला माझ्या हातून ॲसिड सांडलं, तर त्याने स्वतःच्या रुमालाने माझा हात धरून नळाखाली नेला. रुमाल जळला. बोलला नाही कुणाला."

प्रभाकरराव उठून बायकोला सांगायला आत गेले. तेवढ्यात शोभा पुढे आली. घाबरलेली. चार महिन्यांत प्रथमच मी तिला माझ्यासारखी बघितली. तिने हळू विचारलं, "भाऊ, पुन्यात नवीन मानसाले लोक हसते का?"

म्हटलं, हसतात. मग हसायचे थांबतात.

"माई बोली बदलावी लागंन? तिथं येजो म्हनते का?"

म्हटलं, नाही. 'या हं' म्हणतात. पण तुम्ही येजोच म्हणा.

मग राहवलं नाही. विचारलं, मे महिन्यात, बारा तारखेला, दारात मला येजो म्हणाला होतात, आठवतं? ती विचारात पडली. मग चेहरा उजळला. "तुमाले? नाई जी! तुमच्या मागं कांता उभी होती, माई मैतरीन. तुमाले येजो कशी म्हनीन, भाऊ? तुमी पाव्हने."

निघताना म्हणाली, "लग्नाले येजा बरं."

येजा.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

पेटी भरली. प्रभाकररावांच्या दुकानातले दोन रुमाल वर ठेवले आहेत. पुण्याला जातो, जूनमध्ये टर्म पुन्हा सुरू होईल. तोवर सदाशिवाचं तोंड चुकवायचं, हा पहिला संकल्प. नाही, तोंड द्यायचं. बघू.

बापूराव पहिल्या पाळीला गेले. दारातूनच म्हणाले, "पेपर वाचत जा." मीराबाईंनी भाकरी बांधून दिली.

अनुसयाबाईंना खोलीची किल्ली दिली. त्यांनी घेतली नाही. "ठेव तुयापाशीच. म्हशी तं भाडं देत नाई, खोली रिकामीच राह्यते." मग एकदम आवाज बसला. इतका हळू त्या बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

म्हणाल्या, "येजो, बाबू."

मिलचा भोंगा झाला. दचकलो. मग बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.