बत्तिस्तीनाचा हेल

रोम, १४ मार्च १९८७

प्रिय दादा,

इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. माझी अक्कलदाढ काढली. वहिनीने पाठवलेलं मेंढीचं चीज पोचलं. जिन्यात त्याचा असा वास सुटला की खालची सिन्योरा त्साम्पेरी दार वाजवून विचारायला आली, "तुमच्याकडे काही मेलंय का?" मी तिला एक तुकडा कापून दिला. आता ती रोज काहीतरी निमित्त काढून वर येते. तुझी बत्तिस्तीना ठणठणीत आहे, दोघींचं जेवते.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत एकच प्रश्न, नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल काय लागला. सांगते, पण आधी हिवाळ्याचं सांगू दे.

तू पोरीला धाडलंस तेव्हा लिहिलं होतंस, "हिला तुझ्यासारखं बोलायला शिकव. हिला कुणी हसता कामा नये." ते का लिहिलंस हे मला ठाऊक आहे. उदिनेच्या पलटणीत तो कॉर्पोरल तुला जेवणाआधी उभा करायचा, एक वाक्य बोलायला लावायचा आणि अख्खी बराक पोट धरून हसायची. तेव्हापासून तू बँकेत वहिनीला पुढे करतोस आणि स्वतः टोपी हातात घेऊन मागे उभा राहतोस. म्हणून मी तुझं ऐकलं. नाट्यशाळेत उच्चार शिकवताना माझ्या विद्यार्थ्यांना देते तसं बाटलीचं बूच तिच्या दातांत दिलं आणि टेबलावर बोटाने ठेका धरून तिच्याकडून वाचून घेतलं.

आपण सार्डिनियाचे लोक इटालियन बोलतो ते पाय आपटत चालल्यासारखं. प्रत्येक व्यंजन दाबायचं, प्रत्येक शब्दावर भार टाकायचा. इथे एका जागी भार देतात आणि बाकीचं वाक्य सोडून देतात.

"आत्या, ह्या लोकांना घाई कसली असते?" ती बूच काढून विचारायची.

"बूच तोंडात."

"बरं. पण ह्यांची बोट सुटतेय का?"

पोर हुशार. जानेवारीत पाववाल्याने तिला विचारलं, तू रोमच्या कुठल्या भागातली. ती उड्या मारत घरी आली. मला मात्र जेवण गेलं नाही. दाढ दुखतेय म्हणून सांगितलं.

परीक्षेला टेबलामागे आम्ही तिघं होतो. संचालक वाल्सेक्की, एक दिग्दर्शिका आणि मी. नात्याचं मी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे मला मत नव्हतं, फक्त उच्चारांवर शेरा द्यायचा होता. मुलाचं प्रेत घ्यायला पोलीस ठाण्यात आलेल्या आईचं भाषण बत्तिस्तीनाने निवडलं होतं. सुरुवात अगदी मी शिकवली तशी केली, एक डाग नाही. वाल्सेक्की खिडकीबाहेर बघत होता. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "माफ करा, ही बाई अशी बोलणार नाही. पहिल्यापासून घेते."

आणि घेतलं, आपल्या हेलात. दादा, आपल्या गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बोलतात तसं, एकेक शब्द खाली ठेवत. मुलाचं नाव आलं तिथे वाल्सेक्की फिस्सकन हसला. दिग्दर्शिकेने मान खाली घातली, पण तिचेही खांदे हलत होते. तुझी मुलगी थांबली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत तिने ते शेवटपर्यंत नेलं. त्या बराकीत तू जे करू शकला नाहीस ते तिने केलं. ह्याचा तुला राग येईल, पण मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

"मुलगी चांगली आहे," वाल्सेक्की म्हणाला. "घेऊ आपण. फक्त आधी तोंड धुवून काढावं लागेल. पहिलं वर्ष रंगमंच नाही, नुसता आपल्या ह्या बोनारियाबाईंचा वर्ग."

"तोंड मी सकाळीच धुतलंय," बत्तिस्तीना म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. "बाई, वर्षभरात होईल ना?"

"वर्षसुद्धा लागणार नाही," मी म्हटलं. "मी स्वतःवर केलंय ते. हिच्यावर करणार नाही."

"मग तुम्ही इथे कशासाठी आहात?"

"आजपासून नाहीच."

तर निकाल असा. तिला जागा मिळत होती, ती तिने त्यांच्या अटीवर घेतली नाही. माझी होती ती मी सोडली. पोरगी नाट्यशाळेत जाणार असं तू गावभर सांगून ठेवलंयस हे मला वहिनीने कळवलं आहे. तू म्हणशील, स्वतःचं सगळं साधून झालं आणि माझ्या पोरीच्या वेळी हिला तत्त्वं सुचली. खुशाल म्हण. मी पुन्हा तेच करीन.

इथल्या गार्बातेल्ला भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये एक मंडळी नाटक बसवते आहे, त्यातले निम्मे नाट्यशाळेने नापास केलेले. तिथे ती काम करतेय, त्याच हेलात. ईस्टरनंतर प्रयोग आहे. तिला न्यायला ओल्बियाहून बोट पकडणार असशील तर पकडू नकोस. नाटक बघायला येणार असशील तर ये, पहिल्या रांगेत बसवीन. कुणी हसलं तर त्याच्याकडे मी बघून घेईन.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी, तिच्या वाढदिवसाला, मी गावच्या बारमधल्या फोनवर तिला बोलावून घेतलं होतं. मी आपल्याच बोलीत बोलले. शब्द सगळे घरचे होते, पण त्यांची चाल इथली झाली होती. ती ऐकत राहिली आणि मग अगदी आदबीने म्हणाली, "बाई, आपण कोण बोलताय? माझी मुलगी इथे नसते, ती रोमला असते."

"आई, मीच आहे."

"म्हातारीची अशी थट्टा करू नये, बाई," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मला परत लावायचा धीर झाला नाही. मी वाढदिवस विसरले असं तू अजून मला ऐकवतोस. मी विसरले नव्हते.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर बत्तिस्तीना बारमध्ये फोन करील. तू उचल. तिने तोंड उघडताच तुला कळेल कोण बोलतंय. मग हवं तेवढं रागाव, आम्हा दोघींवर.

माघार न घेणारी,
तुझी बहीण
बोनारिया